गोजराबाईंचं पेव, मावशींची मूठ

मी पंधरा वर्षांची असताना सुशीलामावशींच्या स्वयंपाकघरातल्या कपाटातून मूठभर ज्वारी चोरली आणि साठ माणसांसमोर स्टेजवर जाळली. जाळली म्हणजे जाळायला गेले. प्रत्यक्षात काय झालं ते पुढे सांगते, कारण ते आठवलं की मला अजून आधी हसू येतं आणि मग कानाच्या पाळ्या गरम होतात. चोरताना मला ती चोरी वाटली नव्हती. मला ती कला वाटली होती. त्या वयात मला बऱ्याच गोष्टी कला वाटत. जेवताना गप्प बसून खिडकीबाहेर बघत राहणं, आईच्या तिसऱ्या हाकेला ‘ओ’ देणं, आरशासमोर उभं राहून डोळ्यांत पाणी आणून दाखवणं, आणि ते कुणी बघायला नसेल तर वाट बघणं. आज माझी नात रिया खोलीचं दार लावून बसते तेव्हा माझी लेक चिडते. मी चिडत नाही. मी म्हणते, बसू दे गं, निदान कुणाच्या घरचं धान्य तरी उचलत नाही.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, हर्नडनला राहायचो. आता तिथे चौकाचौकात इडली मिळते आणि ज्वारीचं पीठ पाच-सहा कंपन्यांचं मिळतं. तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाला गाई चरत आणि त्यांच्या डोक्यावरून विमानं उतरत. विमान उतरताना आईच्या डब्यांची झाकणं किणकिणायची. घर तापवणारी तळघरातली भट्टी चालू झाली की जमिनीतल्या जाळीतून आधी खडखड, मग गरम वारा, आणि त्या वाऱ्यात कालच्या फोडणीचा वास, कारण आमच्या घरातली फोडणी एकदा त्या नळ्यांमध्ये शिरली की आठवडाभर मुक्काम करायची. अप्पा इस्पितळात डॉक्टर होते, आई एका लॅबमध्ये काम करायची. जेवणाच्या खोलीत थर्मोस्टॅटच्या बरोबर वर राणी गोजराबाईंची तसबीर होती. कुणी उष्णता वाढवायला गेलं की अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, “राणीसाहेब बघतायत. अडुसष्टच्या वर न्यायचं नाही.” त्यामुळे मी कितीतरी वर्षं असं धरून चालले होते की या बाईंचा मुख्य पराक्रम म्हणजे लोकांना थंडीत ठेवणं.

पळसदुर्ग हे आमचं संस्थान. फार लहान. अप्पा म्हणायचे, राजवाड्यात कुणी शिंकलं की शेजारचं संस्थान दचकायचं. नवरा गेल्यावर गोजराबाईंनी राज्य हातात घेतलं आणि रेसिडेंट साहेबाने पाठवलेला दत्तक मुलगा परत पाठवून दिला. आमच्या घरात हे सगळं जेवताना सांगितलं जायचं, आमटी वाढता वाढता, जणू काल घडलं. तिने वेठ बंद केली. वाड्यातली विहीर सगळ्या जातींना खुली केली. घोड्यांच्या पागेतला अर्धा भाग रिकामा करून तिथे मुलींची शाळा काढली. आणि धान्य मोजताना पायलीवर शीग लावायची नाही, असा हुकूम काढला. म्हणजे काय, तर सावकार आणि सरकारी कारभारी घेताना पायली शिगोशीग भरून घेत आणि देताना काठाशी सपाट करून देत. तिने दोन्ही वेळा फळी फिरवायला लावली. अप्पांना तिच्या लढाईपेक्षा ही फळी जास्त आवडायची. ते साखर मोजताना वाटीवरून सुरीची पाठ फिरवत आणि म्हणत, “गोजराबाई पद्धत.”

पण घरात साजरा व्हायचा तो पेवांचा दिवस. गोऱ्यांची पलटण पळसदुर्गावर चालून आली तेव्हा वाटेतल्या गावांत तिला खायला मिळू नये म्हणून राणीने तिथली पेवं जाळायला सांगितली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, आतून लिंपलेला, वर्षाचं धान्य भरून तोंड बंद केलेला. पलटण आली, तिला दाणा मिळाला नाही, घोडे अडले, आणि पलटण मागे फिरली. दोन वर्षांनी ती परत आली आणि जिंकली, हा भाग आमच्याकडे गोड खाऊन झाल्यावर, हात धुताना सांगायचे. लोकांनी राणीसाठी आपापली पेवं स्वतःच्या हातांनी पेटवली, आणि आमचे एक पूर्वज, राणीचे दप्तरदार, हातात पलिता घेऊन त्यांच्याबरोबर अनवाणी चालले, असं आम्हाला पाठ होतं. त्या दिवशी आई पुरणपोळी करायची. हरभऱ्याची डाळ मिळत नसे, म्हणून अमेरिकन दुकानातल्या हिरव्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण. ते हिरवट दिसायचं. आम्ही डोळे मिटून खायचो आणि राणीचा जयजयकार करायचो.

सुशीलामावशी ओढ्यापलीकडच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहायच्या. त्या नर्स होत्या, बहुतेक वेळा संध्याकाळी ड्यूटीला जायच्या, आणि आई सहाला यायची. म्हणून शाळा सुटली की मी तीन वाजता त्यांच्याकडे. दार उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, “पाय पूस!” आत बुद्धाची पितळी मूर्ती, इस्त्रीला लावलेला पांढरा युनिफॉर्म, आणि गॅसवर काहीतरी झणझणीत. त्यांच्या हातच्या तिखट पिठल्याने माझं नाक वाहायचं आणि त्या कागदी रुमालांचा खोका माझ्याकडे सरकवून म्हणायच्या, “रड, रड, डॉक्टरांच्या पोरी.” त्या पळसदुर्गाच्याच, गडाच्या पायथ्याच्या गावच्या, हे कळल्यावर अप्पांना केवढा आनंद झाला होता. आईलाही झाला. पण आईला त्यांच्या घरचं पाणी प्यायला चार वर्षं लागली. दर वेळी तिला नेमकी घाई असायची. मी पहिल्याच दिवशी तिथे जेवले ते चांगुलपणाने नव्हे. मला भूक लागली होती आणि मला काही कळत नव्हतं.

एका पेवांच्या दिवशी आईने त्यांच्यासाठी दोन पोळ्या दिल्या, त्या घेऊन मी गेले. मावशींनी ताट घेतलं, फ्रिजवर ठेवलं. “उद्या खाईन,” म्हणाल्या. ओट्यावर टाल्कम पावडरचा डबा उघडा होता आणि त्यांच्या हातात हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचं लहानसं गाठोडं. त्यांनी ते सोडलं, आतली ज्वारी बघितली, बोट फिरवलं, परत गाठ मारून डब्यात ठेवलं. “हे काय?” मी विचारलं. “मूठ आहे. आईकडची.” मी बरं म्हटलं आणि टीव्ही लावला. पुढे एक शब्द विचारला असता तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण मला उत्तरांची हौस होती, प्रश्नांची नव्हती.

आमचं मराठी मंडळ तेव्हा बारा घरांचं. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घ्यायचं, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा, आणि जेवणाआधी ‘करमणूक’. त्या वर्षी करमणूक माझ्याकडे आली. मी गोजराबाईंवर नाटक लिहिलं. लेखक मी, दिग्दर्शक मी, राणी अर्थातच मी. मंडळाचे अध्यक्ष देवधरकाका गोरा कर्नल झाले, अप्पांची गोल्फची टोपी घालून. माझं म्हणणं असं होतं की पेवाच्या प्रसंगात खरं धान्य जळालं पाहिजे, खरा धूर निघाला पाहिजे. आग लावायला शाळेची परवानगी नव्हती, म्हणून पुठ्ठ्याच्या पेवात विजेची शेगडी आणि तिच्यावर आईचा बिडाचा तवा. “तांदूळ घे की,” आई म्हणाली. तांदूळ! पळसदुर्गात! मी तुच्छतेने पायऱ्या चढून वर गेले. आख्ख्या परिसरात ज्वारी एकाच घरात होती. नाटकाच्या आदल्या दिवशी मावशी आंघोळीला गेल्या तेव्हा मी कपाटातल्या पावडरच्या डब्यातून गाठोडं काढून दप्तरात टाकलं, आणि डबा हलवला तर वाजावा म्हणून त्यात मक्याचे दाणे भरले. ही युक्ती सुचल्याचा मला अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मला नऊवारी कुणी नेसवली? मावशींनीच. आईला येत नसे. मुलींच्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून त्यांनी माझा काष्टा घातला, निऱ्या दाताखाली धरून सारख्या केल्या, कपाळावर चंद्रकोर काढली. “श्वास सोड,” म्हणाल्या, “राणी झालीस तरी पोट आहेच.” त्यांनी नाटकाबद्दल काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हिरवं गाठोडं माझ्या कमरेला खोचलेलं होतं, पदराखाली, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

प्रसंग आला. मी पेवापाशी उभी राहिले, गाठोडं कमरेतून काढलं, उंच धरून सगळ्यांना दाखवलं. पहिल्या दोन रांगांतल्या बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. मी गाठ सोडली, ज्वारी तव्यावर ओतली, आणि हात पसरून गरजले, “जळू दे! गोऱ्यांच्या तोंडी आमचा एक दाणाही जाणार नाही!” पेवातून आवाज आला, टप्. मग टप् टप्. मग एक पांढरी लाही उडाली आणि देवधरकाकांच्या टोपीवर बसली. मी आवाज चढवला. लाह्यांनीही चढवला. तवा बराच तापला होता. त्या पुठ्ठ्याच्या खड्ड्यातून नागपंचमी सुरू झाली. लहान मुलं “पॉपकॉर्न! पॉपकॉर्न!” ओरडत स्टेजवर चढली आणि लाह्या वेचून खाऊ लागली. देवधरकाकांनी टोपीवरची लाही उचलली, क्षणभर विचार केला, आणि गोऱ्या कर्नलच्या ऐटीत तोंडात टाकली. अप्पा हसून हसून खुर्चीवरून घसरले. मी राणी असल्यामुळे मला हसता येईना आणि रडताही येईना. मी तशीच हात पसरून उभी होते, आणि तेव्हा मला तिसऱ्या रांगेत मावशी दिसल्या. ड्यूटीचे पांढरे बूट घालून बसलेल्या. त्या लाह्यांकडे बघत नव्हत्या. माझ्या डाव्या हातात लोंबणाऱ्या हिरव्या फडक्याकडे बघत होत्या.

जेवणं सुरू झाली तेव्हा त्या स्टेजपाशी आल्या. “वसू, ते फडकं दे.” मी दिलं. त्यांनी त्याची चौपदरी घडी करून कोटाच्या खिशात घातली. “लुगडं सोडलंस की घडी घाल. चुरगाळू नको.” एवढं बोलून ड्यूटीला गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्यात मी तरबेज होते.

चार दिवस मी शाळेतून घरी गेले, आईला सांगितलं की मावशी बिझी आहेत. थर्मोस्टॅटवरून राणी बघत होती. माझ्या मनात ना राणी होती, ना नाटक. दुपारी तीन वाजता ते दार माझ्यासाठी परत उघडेल की नाही, एवढंच होतं. पाचव्या दिवशी गेले. दाराबाहेर उभी राहून एवढा वेळ पाय पुसले की आतून आवाज आला, “झिजलं ते पायपुसणं. ये आत.”

टेबलावर पावडरचा डबा होता. मावशींनी माझा हात ओढून त्यावर मक्याचे दाणे ओतले. “हे तुझे.”

“मी दुसरी आणून देते, मावशी. अप्पा पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कला जाणारेत, तिथे ज्वारी मिळते.”

“न्यूयॉर्कची ज्वारी,” त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं हसतील, पण त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग पाठमोऱ्याच बोलायला लागल्या. “आमच्या वस्तीत पेवांच्या दिवशी चूल पेटत नाही. तुमच्याकडे पुरण शिजतं ते मला माहीत आहे. दर वर्षी पोळी आणतेस.”

“आमच्याकडे सांगतात, लोकांनी स्वतःहून…”

“पेवाचं तोंड उघडलं की आतली हवा विषारी असते. उतरणारा माणूस मरतो कधी कधी. मग कोण उतरणार? राणीनं वेठ बंद केली होती, खरं आहे. सात वर्षं आमच्या वस्तीला बोलावणं आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. गावाची पेवं आणि आमचं एक, सगळी आमच्याच बायका-माणसांनी उघडून दिली. हुकूम वाचायला दप्तरदार आला होता घोड्यावर.”

“घोड्यावर?” मी म्हणाले. “आमच्याकडे तर अनवाणी म्हणतात.”

“घोड्यावर,” मावशी म्हणाल्या.

चहा उतू गेला. त्यांनी पुसला. गडावरच्या पेवांचं काय झालं असं मी विचारलं. ती भरलेलीच गडावर राहिली, म्हणाल्या. त्या वर्षी वस्तीत एकही तान्हं मूल जगलं नाही. एका बाईने ओच्यात लपवून मूठभर ज्वारी वाचवली होती. तेव्हापासून मुलगी सासरी निघाली, परगावी निघाली, की आई तिला मूठ बांधून देते. ती शिजवायची नाही. माहेरी गेलं की जुनी मूठ आईच्या कणगीत टाकायची आणि तिच्या हातून नवी घ्यायची. घरात दाणा नाही असं त्या घरच्या लेकीला पुन्हा कधी म्हणावं लागू नये म्हणून.

मी आता रडत होते, आणि या खेपेला कुणी बघतंय का हे बघत नव्हते. रडता रडता माझ्या तोंडून अत्यंत मूर्ख प्रश्न निघाला. “म्हणजे राणी वाईट होती?”

“हा काय तुझा शाळेचा पेपर आहे, चूक की बरोबर खूण करायला? त्या पागेतल्या शाळेत माझ्या आईच्या पणजीनं अक्षर गिरवलं. मागं बसवायचे, पण बसायची. तिनं लेकीला शिकवलं, लेकीनं तिच्या लेकीला. म्हणून मी आज इथं आहे, नाहीतर कुठली मी नर्स. गावात राणीचा पुतळा बसवला तेव्हा माझी आई हार घालायला गेली नाही. पुढं काही पोरं तो फोडायला निघाली, तेव्हा पहिली आडवी झाली ती आईच. आता बोल, कुठं खूण करतेस?”

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा पेपर अजून चालू आहे. आता दोनशे घरं आहेत. दर वर्षी पेवांच्या दिवसाच्या सुमाराला एक बाजू राणीला तलवार देऊन सिंहावर बसवते, दुसरी तिला भुकेल्यांचं अन्न जाळणारी म्हणते, मग कुणीतरी ग्रुप सोडतं आणि त्याची बायको त्याला परत आणते. कुणी फळी फिरवलेल्या पायलीबद्दल बोलत नाही, आणि खाली कोण उतरलं हे तर कुणी विचारतच नाही. मी टंकायला घेते, चष्मा शोधेपर्यंत विषय बदललेला असतो.

मावशींनी माझ्यापुढे निळं हवाईपत्र ठेवलं. “माझ्या आईला लिही. मूठ कुठं गेली ते तू सांगायचं, मी नाही.” माझं मराठी अक्षर म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्या. आधी मावशींनी मला कच्चा कागद दिला. मी लिहिलं, ‘एक अपघात झाला.’ त्यांनी वाचून कागद परत दिला. “अपघात?” मी लिहिलं, ‘मी ज्वारी वापरली.’ कागद परत. तिसऱ्या खेपेला मी लिहिलं, ‘मी चोरली. मुलांनी तिच्या लाह्या खाल्ल्या. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही.’ मग हवाईपत्र मिळालं.

त्या दिवशी जेवताना मी अप्पांना म्हटलं, “आपले दप्तरदार घोड्यावर होते.” “कोण म्हणतं?” “सुशीलामावशी.” अप्पांनी घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला. मी वादाच्या तयारीत होते. तसबीर भिंतीवरच राहिली. पुढच्या वर्षी त्या दिवशी आईने डाळ भिजत घातली नाही, आणि कुणी तसं ठरवलंही नव्हतं. दुपारी ती मला न्यायला म्हणून ओढ्यापलीकडे आली, मावशींच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, “सुशीला, पाणी दे गं.” एकापाठोपाठ दोन भांडी प्यायली.

पण ते वर्षभरानंतर. पत्राचं उत्तर त्याआधी, सहा आठवड्यांनी आलं. मावशींनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. फार मोठं नव्हतं. ‘पोरीचं अक्षर वाईट आहे, रोज एक पान लिहायला सांग. खोटं लिहिलं नाही हे बरं केलं. मूठ टपालानं येत नसते. तू सहा वर्षं येते येते म्हणतेस. आता ये.’ मी वाचून मान वर केली तेव्हा मावशी खिडकीशी उभ्या होत्या आणि कागदी रुमालांचा खोका पहिल्यांदाच त्यांच्या बाजूला होता. मी माझं दप्तर उचललं. उद्या यायचं की नाही हे विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून दारात उगाच बुटांच्या नाड्या बांधत बसले. त्यांनी नाक पुसलं, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या:

“डिसेंबरात जाऊन येते मी. तोवर रोज इथं बसून एक पान लिहायचं. आणि ते नाटक पुन्हा करशील ना, तर मला घे त्यात. पेवात उतरणाऱ्या बाईचं काम दे. बोलायला एक शब्द नको मला. तू तुझं भाषण सगळं म्हण, हात पसरून म्हण. मी नुसती वर येईन आणि तुझं होईपर्यंत तुझ्याकडे बघत उभी राहीन.”